मेक्सिकोचा नैवेद्य

सतरा वर्षांत माझ्या सासूबाईंनी माझ्या हातच्या एकाही पदार्थाला "छान झालंय" म्हटलेलं नाही. ही तक्रार समजू नका, विक्रम समजा. "खाल्लं जातंय" हे त्यांच्याकडचं सर्वोच्च पदक. ते मला आजवर दोनदा मिळालं. एकदा माझ्या मुलीच्या, ओजस्विनीच्या बारशाला आणि एकदा आंब्याच्या डाळीला. पण त्या वेळी त्या फोनवर बहिणीशी बोलत होत्या, त्यामुळे पदक नेमकं कुणाच्या डाळीला होतं याबद्दल आमच्या घरात अजून वाद आहे.

सासूबाई, म्हणजे अहिल्याबाई, बार्शीच्या. तिकडे त्यांचा दरारा असा की लग्नघरातून आचारी वाटीभर आमटी घेऊन यायचा. या नुसत्या वाटीवर वाकायच्या आणि सांगायच्या, "गूळ जरा हात राखून घाल. आणि तेल तापायच्या आधीच हिंग टाकलास का रे?" आचारी कानाची पाळी धरायचा. अशा बाईच्या घरात मी सून म्हणून आले ती मॅगी आणि वरणभात एवढ्या भांडवलावर. दोष माझाही आहेच, पण म्हणून सतरा वर्षं?

एक मात्र मान्य करायला हवं. पूर्वी त्यांच्या टीकेत अभ्यास असायचा. "भाजणी एका बाजूने जास्त भाजली गेलीय." "खोबरं कालचं आहे." ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा आणि थोड्या वेळाने आठवायचं की खोबरं खरंच कालचं आहे. यंदा गणपतीनंतर त्या चंदीगडला आमच्याकडे राहायला आल्या आणि तेही सुख संपलं. आता एकच शेरा. मीठ कमी आहे. भाजीत मीठ कमी, आमटीत मीठ कमी, सांबारात मीठ कमी. एकदा शिरा खातानाही सवयीने "मीठ" म्हणून सुरुवात केली आणि सावरून "साखर कमी"वर आल्या. मी त्यांची वाटी वेगळी काढून त्यात वरून मीठ घालायला लागले. तरी कमीच! मला वाटलं, आता मला नावं ठेवण्यासाठी कष्ट घ्यायचीही यांची तयारी नाही. मास्तरांनी वही न उघडताच शेरा मारावा तसं चाललं होतं, आणि खरं सांगते, ते मला फार लागलं.

मग मला युक्ती सुचली. बार्शीच्या बाईला बार्शीच्या पदार्थात हरवणं शक्य नव्हतं. तेव्हा असा पदार्थ करायचा, ज्याला लावायला त्यांच्याकडे मापच नाही. ओजस्विनी महिनाभर माझ्या मागे लागली होती, "मम्मा, वो मेक्सिकन कॅसरोल बनाओ ना, लेयर्स वाला." आमची लेक पंधरा वर्षांची, जन्म चंदीगडचा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत मिळतं. कॅसरोल म्हणजे काय, तर खोल भांड्यात तळाला टॉर्टिया नावाच्या पोळ्या, त्यावर राजमा, त्यावर मका घातलेला भात, त्यावर टोमॅटोचा सॉस, त्यावर चीज, मग पुन्हा पोळ्या आणि पुन्हा सगळं तेच, आणि शेवटी ओव्हनमध्ये. थोडक्यात, घरात असेल ते एकावर एक रचायचं, भाजायचं आणि परदेशी नाव द्यायचं. आमच्याकडे असल्या प्रकाराला फोडणीची पोळी म्हणतात आणि पाहुणे आले की ती लपवतात.

दिवसही मी विचार करून निवडला. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. त्या दिवशी सासूबाईंचा महालक्ष्मीचा उपवास, संध्याकाळी पूजा, कहाणी, आरती आणि मग जेवण. दिवसभर उपाशी असलेला माणूस दगडालाही छान म्हणेल, असा माझा अंदाज. उपवास माझाही असतो, पण तो माझा मुद्दा नव्हता.

बुधवारी मी बेत जाहीर केला. सासूबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चालेल. पण कांदा-लसूण नको. आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चव बघायची नाही."

"आई, देवीला पुरणाचा नैवेद्य आहेच की. हे आपलं नंतर खायचं."

"घरात शिजलं ते आधी देवीला. मग ते मेक्सिकोचं असो नाहीतर मिरजेचं."

कांदा-लसणाशिवाय मेक्सिकन पदार्थ म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. पण मी मान डोलावली. छान शब्द ऐकायचा तर थोडं सोसायला हवं.

मी मोहालीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. एकाच कामाचे पाच तुकडे करायचे, पाच जणांना वाटायचे आणि शेवटी जोडायचे, हा माझा धंदा. जोडल्यावर पहिल्या फटक्यात कधीच काही चालत नाही हे मला चौदा वर्षांच्या नोकरीने शिकवलंय. पण घरी येताना माणूस अक्कल चपलांजवळ काढून ठेवतो. मी घरच्या ग्रुपवर यादी टाकली. राजमा सुरुची, म्हणजे मी. भात आणि मका ओजस्विनी. सॉस हेरंब. येताना टॉर्टियाही हेरंबनेच आणायच्या. खाली लिहिलं, "ज्याचा थर त्याची जबाबदारी." हेरंब, माझा नवरा, सेक्टर १७ मध्ये बँकेत आहे. त्याने लगेच होकाराचा अंगठा टाकला. ऑफिसातल्या कामाला तो इतका लगेच अंगठा टाकत नाही.

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. "टॉर्टिया संपल्या. कुणी मॅडम सगळी पाकिटं घेऊन गेल्या. दुकानदार म्हणतो, सोमवारी पक्का."

मी घरी फोन करून हे सासूबाईंच्या कानावर घातलं. म्हणाल्या, "पोळ्याच ना? मग त्याला दुकान कशाला? मी लाटते." झालं. माझ्या मेक्सिकोच्या तळाला आता बार्शीच्या पोळ्या.

यापुढचं बरंचसं मला त्या रात्री जेवल्यानंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही तरी आमच्यासारखे गाफील राहणार नाही.

सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी राजमा केला. चंदीगडमध्ये राजमा बिघडवणं हा जवळजवळ गुन्हा आहे, म्हणून मन लावून केला. मीठ घातलं. कुकरचं झाकण लावताना "मीठ कमी आहे" हे वाक्य कानात वाजलं. झाकण काढलं आणि आणखी एक चमचा घातला.

चार वाजता सासूबाईंनी कणीक भिजवली. त्यात मीठ घातलं. किती, ते त्यांनाच ठाऊक.

ओजस्विनी शाळेतून आली. तिने भात लावला, मका टाकला, मीठ घातलं. मग तिच्या डोक्यात आलं, "आजी हमेशा बोलती है नमक कम है." आजीच्या प्रेमापोटी तिने दुप्पट केलं.

हेरंब साडेपाचला आला. टोमॅटो उकडले, सोलले, वाटले, मिरपूड, मीठ. मग त्यालाही आईची आठवण झाली. बँकेतला माणूस, जोखीम घेत नाही. त्याने मूठभर घातलं.

आणि शेवटी मी सहाला आले आणि थर रचायला बसले. चीज मुळातच खारट, डब्यातले ऑलिव्ह मिठाच्या पाण्यातून थेट आलेले. एवढं असूनही मी प्रत्येक थरावर चिमूट चिमूट मीठ भुरभुरलं. का? तर विमा म्हणून. आणि चव कुणी बघायची नाही. चाटून बघायला गेलेल्या हेरंबच्या हातावर सासूबाईंनी पळी मारली. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण निमूटपणे हात धुवायला गेला.

ओव्हनमधून भांडं बाहेर काढलं तेव्हा मात्र मला माझाच अभिमान वाटला. वर चीज सोनेरी फुगलेलं, कडेने लाल सॉस बुडबुडतोय. बाहेर डिसेंबरचं धुकं, खिडक्या लावलेल्या, आणि घरभर तो वास. ओजस्विनीने अकरा फोटो काढले.

पूजा झाली. सासूबाईंनी कहाणी वाचली, ओजस्विनी टाळ्या वाजवताना एकीकडे फोन बघत होती, आरती झाली. मग पाटावर केळीच्या पानावर पुरण, शेजारी कॅसरोलचा एक चौकोन. सासूबाईंनी पाणी फिरवलं, डोळे मिटले. देवीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिला घरोघरचं खावं लागतं, ती सरावलेली असणार.

साडेसातला आम्ही जेवायला बसलो. मी पहिला चौकोन सासूबाईंना वाढला. सुरीने कापल्यावर एकेक थर असा स्पष्ट दिसत होता की कुणालाही भूक लागावी. चौघांनीही एकदमच पहिला घास घेतला.

समुद्रात पडून नाकातोंडात पाणी गेल्यावर जे होतं ते माझ्या तोंडात झालं. ओजस्विनी उठली आणि तोंडावर हात धरून बेसिनकडे पळाली. हेरंबने घास गालात धरला. गिळू की थुंकू अशा धर्मसंकटात त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्याने गिळला आणि तांब्याच तोंडाला लावला. मला वाटलं, संपलं. सतरा वर्षं फुकट. आता हा प्रसंग बार्शीत पुढची तीन लग्नं पुरेल.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या शांतपणे जेवत होत्या. अर्धा चौकोन संपला होता. चमच्यावर पुढचा घास घेत त्या माझ्याकडे बघून हसल्या.

"छान झालंय हो, सुरुची."

हेरंब तांब्या खाली ठेवून खो खो हसायला लागला. "आई! टोमणा मारायची ही पद्धत नवीन काढलीस."

सासूबाईंचा चमचा थांबला. त्यांनी हेरंबकडे बघितलं, लाल डोळ्यांनी बेसिनवरून परत आलेल्या ओजस्विनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आमच्या चेहऱ्यांवर काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते त्यांना वाचता येत नव्हतं. मग घाईघाईने म्हणाल्या, "नाही म्हणजे, तसं छान आहे. मीठ तेवढं जरा कमी आहे."

कुणीच हसलं नाही. हेरंबचं तोंड उघडंच राहिलं. ओजस्विनी काहीतरी बोलणार होती, तिला मी डोळ्यांनी गप्प केलं. सासूबाईंना कळलं की उत्तर चुकलं. त्या ताट तसंच ठेवून उठल्या आणि "पुरण गरम करते" म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. पुरण गरमच होतं.

मी त्यांच्या मागे गेले. त्या नळाखाली स्वच्छ वाटी धूत उभ्या होत्या.

"आई, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई."

त्यांनी नळ बंद केला. "श्रावणात ताप आला होता ना मला. ताप गेला, पण चव आलीच नाही. वासही नाही. उदबत्तीचा नाही, फोडणीचा नाही, कशाचाच नाही. म्हटलं, येईल महिन्याभरात."

"आणि मीठ कमी आहे, ते?"

"काहीतरी बोलायला नको का? मी गप्प जेवले असते तर तुला दुसऱ्याच दिवशी कळलं असतं." हे मात्र शंभर टक्के खरं होतं. "मीठ कमी म्हटलं की कुणी वाद घालत नाही. वरून घ्या म्हणतात आणि विषय संपतो."

"मग आज छान का म्हणालात?"

"सगळी सकाळपासून राबताय माझ्यासाठी. हेरंबनेसुद्धा हात लावला. म्हटलं, चार जणांनी मिळून केलंय तर चुकणार कुठे?"

मला हसू यायला हवं होतं. पण मला आठवलं की मागच्या आठवड्यात दूध लागून घरभर जळकट वास सुटला होता, आणि या त्याच शेगडीपाशी बसून मेथी निवडत होत्या. मी मनात म्हटलं होतं, बघा, सुनेचं दूध जळतंय तर हललीसुद्धा नाही बाई. असं मी म्हटलं होतं. त्यांना तो वास आलाच नव्हता.

"हेरंबला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "अगं, मला शाळा नाही, नोकरी नाही. लोक मला विचारायला यायचे ते एवढ्याचसाठी. तेही गेलं म्हटल्यावर मी नुसती म्हातारी. कोपऱ्यात बसवतील आणि मऊ भात देतील."

मला राग आला. चार महिने एकटीने हे गिळलं म्हणून त्यांचा आला, आणि एवढं शेजारी बसून मला दिसलं नाही म्हणून माझा त्याहून जास्त आला. ज्या शब्दासाठी मी सतरा वर्षं झुरले तो शेवटी मिळाला, आणि मिळाला तो काहीच न कळणाऱ्या जिभेकडून. मला तो नको होता. मला माझी ती कालचं खोबरं ओळखणारी, खडूस सासू परत हवी होती. मी तिथेच ओट्याला टेकून रडले. सासूबाई घाबरल्या. सुनेला रडताना बघायची त्यांना सवय नव्हती, मी नेहमी बाथरूममध्ये रडायचे.

"मी सांगणार," मी नाक पुसून म्हणाले. "आत्ताच सांगणार. उद्या गॅस गळला तर तुम्हाला कळायचं नाही. ऐकायचं नाही मला काही. नाकाच्या डॉक्टरांकडे जायचं, सकाळीच."

"तू मला तोंडघशी पाडणार."

"हो."

आणि पाडलंच. त्यांना पुन्हा टेबलापाशी बसवून मी सगळं सांगितलं. हेरंब आईकडे बघतच राहिला. "चार महिने, आई?" एवढंच म्हणाला आणि उगाच चष्मा पुसायला लागला. ओजस्विनी मात्र खुर्ची ओढून आजीला चिकटून बसली. कुणी जे विचारायला धजत नव्हतं ते तिने सरळ विचारलं.

"आजी, सच में कुछ भी पता नहीं चलता? कुछ भी?"

सासूबाईंनी विचार केला. "तसं नाही गं. गरम कळतं, गार कळतं. मऊ कळतं, कडक कळतं. दाताखाली काय येतंय ते कळतं."

"तो फिर ये कैसा है? नमक छोड़ के."

मी ताट काढून घ्यायला हात पुढे केला, कारण मीठ त्यांना कळलं नाही तरी त्यांच्या रक्तदाबाला कळलं असतं. त्यांनी माझा हात बाजूला सारला. "एक घास. विचारतेय ना पोर."

त्यांनी उरलेल्या चौकोनातून चमचा सावकाश वरून खालपर्यंत नेला. घास तोंडात घेतला. डोळे मिटले. हळूहळू चावत राहिल्या. आम्ही तिघंही पंचनाम्याला बोलावल्यासारखे बघत होतो.

त्यांनी डोळे उघडले.

"वरचं चांगलं कुरकुरीत आहे. ते लांबतं ते चीजही ठीक. मका कोवळा होता, दाताला गोड लागला असणार. भात मात्र एक शिटी जास्त झालाय, ओजू." मग त्या हेरंबकडे वळल्या. "सॉस आटवला नाहीस तू. पाणी आहे त्यात, घाई केलीस." आणि मग माझ्याकडे. "खालच्या पोळीचा तर गिचका झालाय. मऊ पोळीवर असलं ओलं ओतल्यावर दुसरं काय होणार? आधी तव्यावर कडक करून घ्यायची आणि मग रचायची. सतरा वर्षं झाली, एवढं कळायला नको का?"

"पुढच्या वेळी कडक करून घेते," मी म्हणाले. माझा आवाज इतका कापला की हेरंबला वाटलं पुन्हा मीठ लागलं. त्याने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.